नकोसा झालेला वारा

मित्रांनो, समुद्राच्या बांधाआड, मेंढ्यांच्या कुरणात उभी असलेली मी एक जुनी पवनचक्की आहे. उत्तर जर्मनीच्या या किनाऱ्यावर वाऱ्याला तोटा नाही. गावातल्या घराघराने वर्गणी काढून मला उभे केले. मेंढपाळ मोम्मेने त्यासाठी आपले कुरण दिले. माझी पाती पहिल्यांदा फिरली तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला होता.

पुढे कितीतरी वर्षे माझे कौतुकच झाले. मोम्मेची बायको गेशे मला ‘आमची थोरली’ म्हणायची. वादळात लोक दारेखिडक्या लावून घरात बसत आणि मी जोमाने कामाला लागे. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

मग आजूबाजूला माझ्याहून उंच पवनचक्क्या आल्या, छपराछपरावर सौर पॅनेल आली. सरकारने माझ्या विजेला बांधून दिलेल्या भावाची मुदतही संपली. आता ऊन आणि वारा दोन्ही असलेल्या रविवारी, कारखाने बंद असताना, वीज इतकी होते की बाजारात तिचा भाव शून्याच्याही खाली जातो. म्हणजे घेणाऱ्याला विकणाऱ्यानेच पैसे द्यायचे! अशा वेळी दूरच्या शहरातून कोणीतरी मला बंद करते. ऐन वाऱ्यात मी गप्प उभी राहते. माझ्या देखभालीचाही खर्च निघेना, तेव्हा गावाने मला उतरवायचे ठरवले. मोम्मेने रदबदली करून एक उन्हाळा तेवढा मागून घेतला.

त्यातल्याच एका रविवारी मी पुन्हा थांबले आणि मोम्मे तडक घरोघर फिरला. ‘‘वीज जास्त झाली म्हणून थांबवतात ना तिला? मग आपण संपवू की!’’

गावाने खरेच मनावर घेतले. सगळ्यांच्या ओव्हनमध्ये केक चढले, कपडे धुवायची यंत्रे घरघरू लागली. शेजारच्या टाडेकडे लाकडी बाष्पस्नानाची खोली होती.

‘‘टाडे, ती खोली तापव तुझी!’’

‘‘या उन्हात? मला शिजवून खायचा विचार आहे काय?’’

‘‘तुला कोण खातंय? चिवट आहेस नुसता! दाब बटण गुपचूप.’’

सगळे अंगणात बसून केक खात माझ्याकडे बघत राहिले. शेवटी गेशे म्हणाली, ‘‘मोम्मे, आता मेंढ्यांना घालू का केक? ती काही हलत नाही रे.’’

‘‘हलेल. अजून एक घाणा टाक.’’

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. अरे, साऱ्या युरोपच्या बाजारापुढे एका गावाचे ओव्हन ते किती! पण मला कुठे बोलता येते? संध्याकाळी मोम्मे माझ्या पायथ्याशी येऊन बसला. ‘‘थोरले, पोट फुटेस्तोवर खाल्लं गं आम्ही. तरी नाही पुरलो तुला.’’ मला फार फार वाईट वाटले.

उन्हाळा संपला. माझ्या तारा तोडल्या आहेत, कुरणात भलीमोठी क्रेन आली आहे. मोम्मे मेंढ्या घेऊन पलीकडच्या बांधावर गेला आहे. त्याला हे बघवणार नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा जास्तीची वीज साठवायची सोय आधी करा, मग माझ्यासारख्या पवनचक्क्या उभ्या करा. माझ्यासाठी मात्र उशीर झाला. आज वारा झकास सुटला आहे. एवढ्या वाऱ्यात क्रेन चालवता येत नाही, म्हणून कामगार गाडीत कॉफी पीत बसले आहेत. जन्मभर मी वाऱ्याची वाट पाहिली. आता तो पडायची वाट पाहते आहे.