माझ्या पोटावरची पाच अक्षरं

मी पॉट. दही गोठवायचा, हाताने फिरवायचा. आता माझ्यात भिजवलेला चुना आहे आणि त्यात कुंचा उभा केलेला आहे. हे धुळ्यातलं मागचं अंगण. जन्म मात्र माझा जळगावचा, एकोणीसशे चोवीस सालचा.

नूर महंमद नावाच्या कारागिराने मला घडवलं. तांब्याचा डबा, आतून कल्हई, मधे फिरणारा लाकडी पंखा, बाहेर सागाची बादली, वर दांडा. मला करवून घेतलं सुगंधाबाईने. ती बालविधवा. भाऊ शालिग्राम याच्या घरी राहायची आणि पहाटेपासून घराला जुंपलेली असायची.

त्या उन्हाळ्यात शालिग्राम विषमज्वरातून उठला होता. तोंड आलेलं, घसा सोललेला, अन्न पोटात ठरेना. वैद्य म्हणाले, हलकं आणि थंड द्या. रेल्वेच्या साहेबाकडे असला पॉट असतो, हे सुगंधाबाईने कुठूनसं ऐकलं होतं. साहेब त्यात साय घालायचा. ही म्हणाली, साय जड पडेल, आपण दही घालू.

तिची रीत सांगतो. आदल्या सांजेला दही फडक्यात बांधून टांगायचं. सकाळी त्या चक्क्यात पिकलेली केळी कुस्करायची, वर चमचाभर मध. हे डब्यात. डब्याभोवती भुसावळहून गाडीने आलेला बर्फ, एक थर बर्फाचा, एक थर जाड्या मिठाचा. मग दांडा फिरवायचा, हात भरून येईपर्यंत. झाकण उघडण्याआधी कडेचं खारं पाणी पुसून घ्यायचं, कारण एक थेंब आत गेला की केलेलं सगळं वाया.

"खाय रे भाऊ, थंडं शे. गळाले टोचत नई," ती म्हणाली.

त्याने एक चमचा खाल्ला, मग दुसरा. आठ दिवस तो त्याच्यावरच होता, आणि तरला. उठून बसल्यावर त्याचे डोळे भरून आले. "अक्का, हाई भांडं तुन्हं. यान्हावर तुन्हंच नाव घालसूत."

घरातल्या एकूण एक भांड्यावर नाव होतं. घागरीवर आजोबांचं, परातीवर व्याह्यांचं, तांब्यावर शालिग्रामचं. सुगंधाबाईचं कशावरच नव्हतं. नूर महंमदने छिन्नीने टिंब टिंब ठोकून माझ्या पोटावर लिहिलं: सुगंधाबाई. पाच अक्षरं. तिला वाचता येत नव्हतं. मला राखेने घासताना ती त्या अक्षरांवरून बोट फिरवायची, एकेकाचं नाव घेत. शेवटी 'ई' आली की हसायची. तेवढं तिचं शिक्षण.

बारा वर्षं आमची मजेत गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी यायच्या, झोके बांधले जायचे. पितरांना आंबा दाखवून झाला की दह्यात केळ्याऐवजी आमरस पडायचा. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर सुगंधाबाई आतल्या लाकडी पंख्याला चिकटलेलं चाटायची. मला वाटायचं, हे असंच चालणार. भांड्यांनाही भाबडेपणा असतो.

छत्तीस साली शालिग्रामच्या मुलीचं, ताईबाईचं, धुळ्याला लग्न ठरलं. जावई कौतिक शिकलेला, घर मोठं. त्यांच्याकडे नाही असं काहीतरी द्यावं, असं शालिग्रामच्या मनाने घेतलं. त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि नूर महंमदच्या दुकानी नेलं.

"घिसो मत भाऊ, पत्रा पतला हो जायेगा," नूर महंमद म्हणाला. "आणि हे नाव मी टाकलंय. मिटाने को मुझे मत बोलो."

मग शालिग्राम दुसऱ्या गल्लीत गेला. तिथे कानस चालली. मला कल्हईची आच ठाऊक होती, ठोकणं ठाऊक होतं; हे वेगळं होतं. 'सु' गेला, 'गं' गेला, शेवटी 'ई'. त्याच जागी नवी अक्षरं बसली: चि. कौतिक यांस शालिग्राम यांजकडून भेट.

घरी आल्यावर त्याने मला खाटेखाली सारलं. सुगंधाबाईने पॉट कुठे म्हणून विचारलं. तो सहज म्हणाला, "अक्का, कल्हईले दिधं व्हतं. तठून चोरीले गयं."

मी दोन हातांवर होतो. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "जाऊ दे भाऊ. जो लई गया, त्यान्हा घरमा पोरे थंडं खातीन." शालिग्रामची मला तेव्हा जी चीड आली, ती अजून गेलेली नाही.

धुळ्यात मी एकदाच फिरलो. कानशीने पातळ झालेल्या जागी बारीक भोक पडलं, खारं पाणी आत शिरलं, आणि पाहुण्यांनी पहिल्याच घासाला तोंडं वाकडी केली. खोट माझी ठरली. बादली बंबात जळली, मी चुन्याला लागलो.

यंदा ताईबाईला दिवस गेले होते म्हणून आखाजीला ती माहेरी गेली नाही. तिच्या मदतीला शालिग्रामच बहिणीला घेऊन धुळ्याला आला. अकरा वर्षांनी मी तिला पाहिलं. केस पांढरे झाले होते, हात तेच होते.

ताईबाईला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. ती आत्याला म्हणाली, "फुई, वळखं का? तुन्हंच भांडं शे. आबा सांगेत, तू खुशीथीन दिधं."

शालिग्राम ओसरीवर सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला.

सुगंधाबाई खाली बसली. तिने पदराने माझ्यावरचा चुना पुसला आणि बोट ठेवलं. बोट अक्षरांवरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. 'सु' सापडला नाही. मग अंगठा त्या पातळ जागेवर येऊन थांबला. तिला कळलं.

तिने भावाकडे पाहिलं नाही. "नई वं माय," ती म्हणाली, "मन्हा भांडावर मन्हं नाव व्हतं." आणि उठून आत गेली.

भावाची लाज तिने राखली. मला मात्र टाकलं. तिच्यावर रागावू म्हटलं तर रागावता येत नाही, हेच माझं दुखणं आहे.

आता मी मोडीत जाईन. तुमच्या हाती आलो तर माझ्यावर काय लिहिलंय ते वाचू नका. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. पत्रा जिथे पातळ लागेल, तिथे पाच अक्षरं होती.