अप्पाकाकांच्या खांद्यावर तांबू

नाही नीलकंठ, मधे बोलू नकोस, आधी सगळं ऐक. तू माघापासून प्रयागला, तुला काहीच ठाऊक नाही. दिनाशी मी का बोलत नाही असं जो तो विचारतो, आणि मी कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

माघात छावणीत पलटणीसाठी ऑस्ट्रेलियाचे घोडे आले होते. त्यांच्याबरोबर एक गोरा घोडेवाला होता आणि त्याचा कुत्रा. केल्पी म्हणतात त्या जातीला. तिकडे मेंढ्या हाकायला ठेवतात, इथे साहेबलोकांनीसुद्धा बघितलेली नाही. एकदम तांबडा, म्हणून मी त्याला तांबू म्हणायला लागलो, कोल्ह्यासारखे उभे कान, केस आखूड, म्हणून आपल्या उन्हाचं त्याला काही नाही. घोडेवाला आजारी पडून आपल्या देशी निघाला, जहाजावर कुत्रा घेईनात. आमच्या गाईचं दूध त्याच्याकडे जायचं, मीच पोचवायचो, तर मला म्हणाला, ले जाओ.

अप्पाकाकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग कुत्र्याला. म्हणाले, "गाई आणायचं काम करत असेल तर राहू दे ओसरीखाली. पण मी सोवळ्यात असताना एकदा जरी शिवला, तर त्याच दिवशी घराबाहेर. मग रडायचं नाही, बिंदू."

मी म्हटलं, "नाही रडणार, अप्पाकाका."

आता त्या जातीचा स्वभाव ऐक. भुंकत नाही, चावत नाही, नुसता बघतो. पोट जमिनीला लावून गाईकडे असा बघतो की ती आपणहून वळते. पण काम नसलं की वेडा होतो. पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रमोदिनीच्या तीन मैत्रिणी अंगणात खेळत होत्या, तर त्यानं त्यांना तुळशीपाशी गोळा करून बसवून ठेवलं. एक उठली की हा तिच्यासमोर. अर्धा तास बिचाऱ्या तिथेच, शेवटी आईनं सोडवल्या.

हसू नकोस, पुढे ऐक.

घोडेवाला शीळ घालून काम करवायचा. आमच्या घरात शीळ घातली तर काका जेवायला देणार नाहीत. म्हणून मी हातानं शिकवलं. आपण पाठशाळेत मंत्रांचे स्वर लावताना हात हलवतो ना, खाली, वर, बाजूला, तेच. आठ वर्षं हाताला तेच वळण, दुसरं सुचलंच नाही. हात खाली, बस. बाजूला, गाईंना वळसा घाल. वर, तर गाईंच्या पाठीवरून पळत पुढे जा. सच्ची, पाठीवरून. मेंढ्या दाटल्या की ती जात अशीच वरून पळते. नऊ दिवसांत शिकला, नीलकंठ. मला रुद्र पाठ व्हायला दीड वर्ष लागलं होतं.

आणि पाठशाळेतल्या चाळीस जणांना जे येतं तेच मी कुत्र्याला शिकवतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक दिवस राजा घाटावर गुरुजी संथा देत होते, सगळ्यांचे हात वरखाली, आणि मागे पायरीवर तांबूची उठबस चाललेली. कुणाचं लक्ष गेलं नाही, एकट्या दिनाचं गेलं. मी त्याला सगळं सांगून टाकलं, अप्पाकाकांची अटसुद्धा. दिनाच होता ना तो. त्याच्या मुंजीत मी बटू म्हणून जेवलोय. त्याच्यापासून काय लपवायचं?

तर ज्येष्ठात एका संध्याकाळी आमच्या चार आणि गल्लीतल्या वीसेक गाई एकदम परतल्या. गल्ली ठासून भरलेली. पुढे अप्पाकाका, नुकतेच गंगेतून वर आलेले, ओलं धोतर, हातात तांब्या, गाई जाऊ देत म्हणून भिंतीला टेकून उभे. मी सगळ्यांच्या मागे, तांबूला माझ्या पायाशी बसवलेलं. पलीकडे ओट्यावर दिना. आणि तांबू उठला. मी हात हलवला नव्हता. तो गाईंच्या पाठीवर चढला, या पाठीवरून त्या पाठीवर, आणि सगळ्यांत पुढच्या गाईवरून सरळ अप्पाकाकांच्या खांद्यावर.

काका ओरडले नाहीत. वळले, परत आंघोळीला गंगेकडे निघाले, आणि माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, "बिंदू, आज."

मी तांबूला मारलं. दोन वेळा, तोंडावर. त्यानं मान खाली घातली आणि माझ्या हाताकडे बघत राहिला, मतलब आता काय करू.

दिना ओट्यावरून उतरून आला. "रडू नकोस, मी नेतो त्याला, ठेवतो कुठेतरी." मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो.

पंधरा दिवसांनी प्रमोदिनी काय म्हणाली? "दादा, त्या दिवशी दिनाभाऊंनी हात का वर केला होता रे?" ती खिडकीत होती.

मी तसाच अप्पाकाकांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या मुक्या जनावराचा काय दोष? घेऊन ये."

मी धावलोच. शिवपूरच्या पलीकडे एका निळीच्या शेतीवाल्या साहेबाचा मेंढवाडा आहे, दिनानं कुत्रा तिथे दिल्याचं कळलं होतं. गेलो तर दिना तिथेच, कुंपणाला टेकून.

मी म्हटलं, "काकांच्या अंगावर तू सोडलंस त्याला."

"हळू बोल, साहेब आत आहे."

"का केलंस ते सांग."

"साहेब कॉलेजात माझ्यासाठी चिठ्ठी देतोय. त्याला असा कुत्रा हवा होता. मागितला असता तर तू दिला असतास?"

"तू मागितलाच नाहीस."

"नसताच दिलास, बिंदू. आणि तुझ्याकडे होत्या चार गाई. इथे दोनशे मेंढ्या आहेत. बघ तरी त्याच्याकडे."

मी बघितलं नाही, हाक मारली. तांबू आला रे. लांबून, जीव तोडून पळत आला, माझ्या पायावर डोकं ठेवलं, हात चाटला, ज्या हातानं मी मारलं होतं तोच. मी त्याच्या गळ्यात दोरी घालायला वाकलो. तेवढ्यात पलीकडे पाच-सात मेंढ्या फुटल्या, आणि तो गेला. दिनानं हात हलवला नव्हता, मी बघत होतो. आपणहून गेला. त्या मेंढ्या गोळा केल्या, आणि मग त्यांच्यापुढे पोट टेकून बसला. मी चार हाका मारल्या. नुसता एक कान हलला.

दिना म्हणाला, "पाणी पितोस?"

मी दोरी तिथेच टाकली आणि निघालो. घरी अप्पाकाका ओसरीवर बसले होते, खाली तांबूच्या जागेवर कुणीतरी कोरं पोतं अंथरलेलं. म्हणाले, "मिळाला?"

मी म्हटलं, "नाही. तिथे नव्हताच."