मानेतला दाणा

शिवकन्येचं लगीन झालं त्या सालची, दोन हजार तेवीसची ही गोष्ट. मुखेडहून लातूरला सासरी जाण्याआधी तिने आपल्या आज्ज्याच्या, मलप्पाच्या, भुऱ्या कुत्र्याच्या मानेत सुईने चिप घालून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी. जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेला, चिपच्या पंधरा आकड्यांचा कागद मलप्पाने देवघरात ठेवला.

भुऱ्या खरा मलप्पाच्या बायकोचा, पार्वतीबाईचा. नजर गेल्यापासून ती त्याच्या पाठीवर हात ठेवून अंगणात फिरायची.

पोळ्याला मलप्पाने बैलांच्या तोंडावरच्या जुन्या दोऱ्या, मोरख्या काढल्या. दारातलं जनावर सणाला जुन्यात कसं ठेवायचं, म्हणून भुऱ्याचाही पट्टा काढला. नवा बांधायच्या आत हलगी कडाडली अन् भुऱ्या पसार झाला.

"त्या चिपला फोन लाव की!" मलप्पा लातूरच्या नातीला फोनवर म्हणाला.

"आज्जा, तिला फोन लागत न्हाई. कुत्रा सापडला, तर कुणाचा हाय एवढंच ती सांगती."

पार्वतीबाईने जेवण सोडलं, अंथरूण धरलं.

दीड महिन्याने शिवकन्येला लातुरात एका डाळमिलच्या फाटकात तसाच कुत्रा दिसला. मलप्पा कागद घेऊन पहिल्या एसटीने गेला. कुत्रा हडकलेला, कान फाटलेला. हाक मारली तर मागे सरला.

मिलमालक राजशेखर हसले. "अप्पा, कुठल्या तरी तुरीच्या टेम्पोत बसून आला हा. असले भुरे गल्लीला चार हायेत. तुम्हाला वळखंना बी!"

मलप्पाने कुत्र्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. त्याची त्यालाच खात्री वाटेना.

"डॉक्टरकडं चला," शिवकन्या म्हणाली.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मानेवरून चिप वाचायचं यंत्र फिरवलं. काहीच नाही.

"झालं समाधान?" राजशेखर म्हणाले.

"थांबा. दाणा सरकतो कधीकधी," डॉक्टर म्हणाले.

यंत्र खांद्याखाली गेलं अन् टीं वाजलं. डॉक्टर एकेक आकडा वाचू लागले, मलप्पा कागदावर बोट सरकवू लागला. पंधरावा जुळला तसा त्याचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला. एवढे दिवस, एवढी वाट, उपास, मार, आणि हे आपलं आत रक्तामांसात गुपचूप बसून! खाली बसून तो त्या खांद्यावरून नुसता बोट फिरवत राहिला.

"न्या अप्पा," राजशेखर हळूच म्हणाले. "मला बी काटा आला बघा अंगावर."

संध्याकाळी मुखेडला भुऱ्या उंबऱ्यात थबकला, हुंगू लागला, अन् सरळ खाटेवर चढला. पार्वतीबाईचा हात फाटक्या कानावर थांबला.

"कुणी चावलं रं तुला?" म्हणत ती उठून बसली. त्या रात्री दुधात कुस्करून अर्धी भाकर खाल्ली.

पार्वतीबाई त्याच साली, पंधरवड्याने, दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी वारली; हात भुऱ्याच्या पाठीवर होता.