सात तारखेचा हप्ता

“तीन वर्षांत एकही हप्ता बुडवलेला नाही आम्ही,” आई काउंटरवर वाकून म्हणाली. “विचारा कुणालाही.”

“बुडवला नाही, मावशी. उशिरा भरलाय.” कर्ज विभागातल्या मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. “हे लाल सगळं उशिराचं. हप्ता पाच तारखेचा. तुम्ही येता सातला, आठला.”

“दोन दिवस तर इकडेतिकडे!”

“एकदा झालं तर चालतं. इथे दर महिन्याला आहे. त्या कर्जाला जामीनदार तुम्हीच, त्यामुळे या मुलीच्या नवीन कर्जाला तुमची सही सध्या चालणार नाही. एक वर्ष वेळेवर भरा, मग बघू.”

शेजारी उभ्या असलेल्या धाकटीने प्रवेशाचं पत्र पिशवीत सरकवलं. फी भरायची मुदत महिनाअखेरपर्यंतच होती.

पहिलं कर्ज थोरलीच्या नर्सिंगसाठी काढलं होतं. ती आता परगावच्या इस्पितळात नोकरीला होती. हप्त्याचा अर्धा वाटा ती एक तारखेलाच पाठवायची. उरलेला अर्धा आईचा. नवरा गेल्यापासून आई इथल्या इस्पितळाच्या धुलाई विभागात होती आणि तिचा पगार सात तारखेला व्हायचा. तोवर थोरलीचे पैसे ती कपाटात साड्यांखाली ठेवून द्यायची. घरात गॅस संपला तरी त्यांना हात लावायची नाही.

“अगं, तिचे आले की तेवढे तरी भरायचे होतेस,” धाकटी म्हणाली.

“अर्धाच हप्ता घेऊन कुठे जाऊ बँकेत? लोक म्हणतील, हिची ऐपत नाही.”

“कुठले लोक? या मॅडम? त्यांना रोज शंभर तोंडं दिसतात, आई!”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “मावशी, तारीख बदलून घ्यायची होती ना. पगार सातला, तर हप्ता दहाचा करून देतो आम्ही.”

“बदलता येते?”

“साधा अर्ज द्यायचा.”

तिथेच उभ्याने धाकटीने अर्ज लिहिला, आईने खाली सही केली, मॅडमनी शिक्का मारला. आई त्या शिक्क्याकडे बघत राहिली. मागच्या माणसाने खाकरून पुढे सरकायची आठवण करून दिली.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, “ताईला कळवू नकोस. तिला वाटेल, आपले पैसे आईने नुसते कपाटात ठेवले.”

“ठेवलेसच की.”

आई पदर खोचून एक पायरी उतरली.

“बरं, नाही सांगत. पण पुढच्या वर्षी मला कॉलेजात घालायचंय, हे लक्षात ठेव. विसरलीस तर बघ.” मग चपलेचा बंद नीट करत धाकटी म्हणाली, “तुमच्या धुलाईतली ती एक बाई काम सोडून गेली ना? जागा भरली?”

“तू नाही यायचंस तिथे. वाफेने जीव उकडतो.”

“तुझा नाही उकडत?”

सोमवारी धुलाई विभागात मुकादमाने धाकटीला आईच्या समोर उभं केलं. “मायलेकी आहात, भांडायचं ते घरी,” तो म्हणाला आणि निघून गेला. ड्रायरमधून निघालेल्या चादरींचा ढीग त्या दोघींमध्ये होता. आईने एक चादर उचलून दोन टोकं लेकीच्या हातात दिली.

“ताण. अजून. हां, आता माझ्याकडे ये.”

धाकटी दोन पावलं पुढे आली. टोकाला टोक भिडलं, पण कडा जुळली नाही; चादर एका बाजूला वीतभर लोंबत राहिली.

“राहू दे ना अशीच. कोण बघतंय?”

“पेशंट बघतो,” आई म्हणाली. तिने चादर पुन्हा उलगडली आणि आपली टोकं घट्ट धरून, लेक मागे सरण्याची वाट बघत उभी राहिली.