निजवलेली बाटली

रुपीबाईनं लेकाचा शब्द आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही मायेपोटी.

भीमसिंग फौजेत, साहेबांच्या मेसमध्ये वाढपी होता. बासष्टच्या होळीला तो फुलसावंगीजवळच्या तांड्यावर आला, तो एका निवृत्त साहेबानं बक्षीस दिलेली फ्रान्सच्या कोन्याक ब्रँडीची बाटली घेऊनच. लाकडी पिंपात वीस वर्षं मुरलेली! बाप गुलाबसिंग चाटच पडला. मोहाची काढण्यात त्याचा हात धरणारा तांड्यात कोणी नव्हता, पण वीस वर्षं दारू न पिता ठेवणारी माणसं त्याला खुळीच वाटली.

"बकरं कापू," तो म्हणाला. "उघड."

"नाही बापू." भीमसिंगनं रिकामी वाटी तळव्यात धरून दाखवली. "अशी ऊब द्याची. पयले वास घ्याचा. मंग घोटभर तोंडात फिरवाची. संग गुळाचा खडा, बस. पन दिवाळीले, मी आल्यावर. याडी, इले अंधारात ठेव. अन् उभीच ठेव. आडवी केली त बूच खाऊन टाकते."

दारूबंदीचे दिवस. याडीनं, म्हणजे आईनं, बाटली तुरीच्या कणगीत उभी पुरली.

दिवाळीला लेक आला नाही. सीमेवर लढाई पेटली होती. मग तार आली, बेपत्ता. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं रुपीबाई येईल त्याला ऐकवायची. थंडी पडली तसं तिला राहवेना. पोर कुठंतरी बर्फात उभं असेल, आणि त्याची वस्तूही आपण उभीच ठेवायची? तिनं बाटली आपल्या जुन्या घागऱ्यात गुंडाळली आणि तुरीत आडवी निजवली.

दिवाळीला विस्तवावर लापशी-तूप सोडून तांडा गेलेल्यांची नावं घेतो. भीमसिंगचं नाव ती घेऊ देत नसे. पासष्टच्या दिवाळीला गुलाबसिंग काकुळतीला आला.

"किती दिवस उपाशी ठेवशीन त्याले? त्याची बाटली काढ. एक घोट देऊ."

"कायले? तो येईन. भरेल ठेवली हाय मी, पाह्य!"

तिनं कणगीत हात घातला. बाटली हलकी लागली. बुचाचा भुगा झाला होता, तळाशी बोटभर उरलं होतं, बाकी सगळं घागऱ्यानं आणि तुरीनं पिऊन टाकलं होतं.

मोहाचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेणाऱ्या गुलाबसिंगानं वाटी आणि गुळाचा खडा तिच्यापुढे ठेवला.

उरलेलं तिनं वाटीत ओतलं, तळव्यात धरून ऊब दिली, आधी वास घेतला. लेकानं सांगितलं होतं तसं सगळं केलं. मग वाटी विस्तवावर उपडी केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं.

"उभी ठेव म्हने," ती गुलाबसिंगाला म्हणाली. "मीच निजवलं त्याले. आता उठत नाही तो."