खोक्याच्या लाकडाची गिटार

मला राग लवकर येतो, हे दिघीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पाणी सोडणारा असो की भाजीवाली, माझ्याशी सगळे जरा जपूनच बोलतात. पण त्या शनिवारी सलिल सरांच्या गिटार क्लासमध्ये आला तसा राग मला आयुष्यात आला नव्हता. आणि तो सरांचा कमी, माझ्या नवऱ्याचा जास्त आला होता.

आमचे हे, गोरक्ष, पॅटर्न मेकर आहेत. म्हणजे काय ते सांगते, कारण आता कुणाला माहीत नसतं. पंपाचं बिडाचं कवच ओतायचं असेल तर आधी तंतोतंत तसंच लाकडाचं करावं लागतं. ते वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ते लाकडाचं काम आमच्या घरात. माझ्या सासऱ्यांनी, गेनबा आबांनी, उभी हयात भोसरीच्या गाळ्यात तेच केलं, यांनीही तेच केलं. आता फाउंड्रीवाले कॉम्प्युटरवर चित्र काढतात आणि मशीनमधून प्लॅस्टिकचा पॅटर्न छापून घेतात. गाळ्यात कुणी फिरकेनासं झालं.

तेवढ्यात शेजारची अनुया तिची मोडलेली गिटार घेऊन आली. यांनी ती उघडली आणि आत बघून चक्क हसले. सगळं प्लायवूड आणि ढीगभर डिंक. म्हणाले, "अनिता, एवढ्या पैशात याच्यापेक्षा चांगली मी करीन." आणि केली की हो! चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती लाकडी खोक्यांतून. मशीन आत जातं, खोकं भंगारात. भंगारवाल्याकडे बसून हे एकेक फळी भाजी निवडावी तशी निवडायचे, सरळ रेषेची, गाठ नसलेली. पुढची तबकडी त्या पाइनची, पाठ आणि बाजू गाळ्यातल्या जुन्या सागाच्या. बोटं जिथे दाबतात ती पट्टी तेवढी तारेच्या खुणांसकट तयार विकत आणली. पॉलिश असं की मी त्यात टिकली नीट केली.

आता हे सगळं हौस म्हणून चाललं नव्हतं. माझा भाऊ किसन चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानं यांच्यासाठी कंत्राटावर काम बघून ठेवलं होतं, पॅकिंगला. म्हणजे काय करायचं? तर खोक्यांना खिळे मारायचे! ज्या माणसाच्या हाताला केसाएवढा फरक कळतो, त्यानं शिफ्टमध्ये उभं राहून खिळे मारायचे. सोमवारी हजर व्हायचं होतं. प्राधिकरण भागातल्या सलिल सरांनी क्लासच्या मुलांसाठी आमच्या गिटारी घेतल्या तर गाळा चालू राहणार होता, नाहीतर अवजारं विकून गाळा रिकामा करायचा होता.

शनिवारी सरांनी गिटार हातात घेतली ती आधी उलटीसुलटी करून बघितली. मोबाइलचा टॉर्च पोटात मारला, आतल्या आडव्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, "जोडकाम सुरेख आहे." मग एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मान सरळ. पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं, कुठे टोचतंय का बघायला. स्वस्त गिटारीत तिथे त्या तारेच्या खुणांची टोकं हात सोलून काढतात म्हणे. आमच्या गिटारीत काही टोचलं नाही. तबकडीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, तर ती छान भरून वाजली. मोकळ्या तारा छेडल्या तेव्हा खोलीतली मुलंसुद्धा वळून बघायला लागली. मी यांच्याकडे बघून भुवया उडवल्या. हे जमिनीकडे बघत होते.

मग सरांनी बोटं वर वर सरकवली, आणि त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला.

"स्वर उतरतोय," ते म्हणाले. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावून दाखवलं. मोकळी तार बरोबर. मधोमध दाबली की काटा कमी दाखवायचा. "लाकूड कुठलं हे?"

यांनी खरं ते सांगितलं.

"खोक्याचं?" सर हसले. मुलंही हसली. "गोरक्षभाऊ, मग काय बोलायचं? असलं लाकूड हवेतली ओल धरतं, हलतं, वाकतं. तुमच्या हाताला दोष नाही, पण मालच हलका. स्वस्तात करायला गेलं की हेच होतं. खोकं ते खोकंच राहणार."

आणि आमचे हे काय म्हणाले असतील? "बरं सर." गिटार पिशवीत घातली आणि निघाले!

खाली गाडीपाशी मी पिशवीचा बंद धरला. "बरं सर? काय बरं सर? तुम्ही केलेलं लाकूड आजवर कधी हललं होतं? पॅटर्न हलला असता तर फाउंड्रीवाल्यांनी दारात आणून आपटला असता! एक तरी परत आला का?"

"तो शिकलेला माणूस आहे, अनिता. म्हणतोय तर असेल."

"त्याला गिटार वाजवायला येते हो, लाकडातलं त्याला काय कळतं? तो हसला आणि तुम्ही ऐकून घेतलंत! तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"गाडीवर बस," एवढंच म्हणाले. भोसरीपर्यंत मी एकटीच बोलत होते.

गाळ्यात आल्यावर यांनी पटाशा पुसून एका पोत्यावर मांडायला घेतल्या. विकायला काढायच्या म्हणून! माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. आबा कोपऱ्यात खुर्चीत बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही, पण गाळ्यात आल्याशिवाय करमत नाही. मी सगळा राग त्यांच्यापुढे ओतला. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उतरतंय म्हंजी कसं उतरतंय? कुठंबी?"

"नाही आबा. मोकळी तार बरोबर आहे. जसजसं वर जावं तसतसं जास्त उतरतं."

"सगळ्या तारांला?"

"सगळ्यांना."

आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "लाकूड हललं तर वाकडंतिकडं बिघडंल, पोरी. हे हिशेबात बिघडतंय. लाकूड न्हाई, माप हाय. गोरख्या, तारा किती लांब ठिवल्यात?"

"साडेसहाशे मिलिमीटर," हे तिकडूनच म्हणाले. "विकत आणलेल्या पट्टीसोबत कागद आला होता, त्यावर लिहिलं होतं. तेवढ्यावरच ब्रिज चिकटवला." ब्रिज म्हणजे तारा खाली ज्याला अडकवतात तो लाकडाचा तुकडा.

"मापलं कशानं?"

"आपल्या मोजपट्टीनं."

आबा खुर्चीतून अर्धे उठले. "आरं येड्या! गिटार काय वतायची हाय का?"

मला काही कळेना. यांच्या हातातली पटाशी मात्र तशीच राहिली. चेहरा असा उतरला की बघवेना. मग आबांनी सांगितलं. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न जरा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा जरासा मोठा. तीच पट्टी यांच्या हाताशी जन्मभर. हात गेला तिच्याकडेच. विकत आणलेली पट्टी खऱ्या मापाची आणि ब्रिज लोखंडाच्या मापाचा! मी साधा टेप लावून बघितला. सहा-साडेसहा मिलिमीटर जास्त.

"अहो!" मी किंचाळलेच. "आणि लाकडाला शिव्या खायला लावल्यात? एवढी वर्षं काम केलं, आणि मोजपट्टी बघून घेता आली नाही? त्या माणसासमोर मान खाली घालून उभे राहिलात, आणि चूक तर कुठल्या कुठे!" मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. आबा हसत होते, त्यामुळे मला आणखी चेव येत होता. यांनी पटाशा पोत्यावरून उचलल्या, परत भिंतीला लावल्या आणि इस्त्री गरम करायला ठेवली, ब्रिज सोडवायला.

रविवारचा पूर्ण दिवस त्यातच गेला. तारांची जुनी भोकं त्याच पाइनच्या खुंट्यांनी बुजवली, वर जरा रुंद नवा ब्रिज खऱ्या मापावर बसवला. सोमवारी सकाळी किसनचा फोन आला, "दाजी निघाले का?" मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांब." तो वैतागला. आम्ही चाकणला जायच्या ऐवजी प्राधिकरणात गेलो.

सरांनी गिटार मांडीवर घेतली. खालून वरपर्यंत वाजवली, परत वाजवली, ॲप लावलं. काटा जागेवर. त्यांनी एक लांब धून वाजवली आणि डोळे मिटूनच म्हणाले, "वा! आता कशी बोलतेय. लाकूड बदललंत ना? मी म्हटलं नव्हतं?"

खरं सांगते, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. हो म्हटलं की काम आमचं. सर खूश, गाळा चालू, कुणाचं काय जातंय? मी तोंड उघडलंही होतं.

"लाकूड तेच आहे सर," हे म्हणाले. "त्याच खोक्याचं. माप माझं चुकलं होतं."

मुलं सरांकडे बघायला लागली. सरांचे कान लाल झाले. चारचौघांत चुकलेला माणूस कसा वागतो ते मला चांगलं माहीत आहे, मी स्वतः तशीच वागते. त्यांनी गिटार खाली ठेवली. "असं होय. मग गोरक्षभाऊ, ज्याचं मापच चुकतं त्याच्याकडून मी मुलांसाठी वाद्यं कशी घेऊ?"

हे काही बोलायच्या आत मी उभी राहिले.

"सर, शनिवारी तुम्ही लाकडाला नावं ठेवलीत. चारदा बघून, टॉर्च मारून, छातीठोकपणे. तुमचंही चुकलंच ना? तरी उद्या ही मुलं तुमच्याकडेच शिकायला येणार ना? का त्यांनीही क्लास सोडायचा?"

मागच्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली. सरांनी तिच्याकडे रागानं बघितलं, मग माझ्याकडे, मग गिटारीकडे. कितीतरी वेळ तारांवरून नुसतं बोट फिरवत राहिले. शेवटी कडवट तोंडानं म्हणाले, "वहिनी, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." आणि यांच्याकडे वळून, "अशाच करा. क्लाससाठी घेतो. पण प्रत्येक गिटार इथे वाजवून बघितल्याशिवाय ठेवून घेणार नाही."

"तसंच करा," हे म्हणाले. सर म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

जिन्यात येऊन यांनीच किसनला फोन लावला. किसनचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. लोक वशिल्यासाठी पाया पडतात आणि तुम्हाला किंमत नाही, मला साहेबापुढे तोंडघशी पाडलंत, बायकोच्या नादानं वेडे झालात, म्हातारपणी काय खाणार. हे ऐकत राहिले, ऐकत राहिले. मी म्हटलं, झालं, आता मान खाली जाणार.

"येत नाही!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी कठडा धरला. "ऐकतोयस का? येत नाही म्हणजे नाही! बायकोचं नाव घ्यायचं नाही! मला काम येतं, आणि माझं काम मीच करणार!"

वरून क्लासची मुलं कठड्यावर वाकून बघायला लागली. सरसुद्धा दारात आले. मी यांचा दंड घट्ट धरला आणि म्हटलं, "आणखी मोठ्यानं बोला."