हिरवी गाळणी

कप्तानाचं रेग्युलेटर रेकायला लागलंय, ही बातमी वायसरबाईला मंगळवारी सकाळी कळली, आणि त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा तिला जेवण गोड लागलं.

कप्तान म्हणजे काही जहाजाचा कप्तान नव्हे. बंदराजवळच्या डायव्हिंगच्या शाळेत तो लोकांना पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी उतरायला शिकवायचा. पांढरी टोपी घालायचा, म्हणून कप्तान. वायसरबाईचं दुकान त्याच रस्त्यावर, सायकलवाल्याच्या मागच्या खोलीत. अग्निशमनवाल्यांची धुरात वापरायची यंत्रं, दवाखान्यातले ऑक्सिजनचे नळ, पाणबुड्यांना सिलिंडरातली हवा तोंडात पोचवणारी रेग्युलेटरं, ज्या कशातून माणूस श्वास घेतो ते सगळं ती दुरुस्त करायची. गिऱ्हाईक बिघाड सांगायला तोंड उघडतंय तोच म्हणायची, "वायसर गेलाय," आणि दहातल्या नऊ वेळा तो गेलेलाच असायचा. त्यावरून हे नाव पडलं, आणि तिलाही ते आवडायचं.

हे काम तिला शिकवलं दादानं. दादा वीस वर्षं त्या डायव्हिंगच्या शाळेचा मेकॅनिक होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून सुईच्या टोकाएवढी गळती नुसत्या कानानं सांगणारा माणूस. चार वर्षांपूर्वी तिथल्या मालकीणबाईंची, म्हणजे मॅडमची, मुलगी वीस मीटर खाली असताना तिचं रेग्युलेटर हवा देईना. पोरगी भेदरून एकदम वर आली. जीव वाचला, पण एक कान कायमचा गेला. रेग्युलेटर उघडलं तर आत सगळं हिरवं पडून खाल्लेलं. कप्तानानं सरावाच्या टाकीशी, सगळ्यांसमोर दादाकडे बोट केलं. यानं न उघडताच तपासणीची सही ठोकली, म्हणाला. दादा एक शब्द बोलला नाही. मॅडमनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

तेव्हापासून दादा पलीकडच्या प्राथमिक शाळेत शिपाई आहे. असले कान असलेला माणूस दिवसातून आठ वेळा घंटा बडवतो. घरात पान्याला हात लावत नाही. स्वयंपाकघरातला नळ गळला तरी खाली बादली ठेवून बहिणीची वाट बघत बसतो.

त्या दिवसापासून वायसरबाईनं कप्तानाला पाण्यात पाहिलं. त्याचं वाटोळं व्हावं एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. जिथे दादाची मान खाली गेली तिथेच, त्याच पाण्याच्या टाकीशी, त्याच मॅडमसमोर कप्तानाचं नाक कापलं गेलं पाहिजे, आणि ते आपल्या हातून. एवढं एकच मागणं. रोज झोपताना ती ते म्हणायची, लोक देवाचं म्हणतात तसं.

बुधवारी कप्तान स्वतः दुकानात आला. दुसरा इलाज नव्हता. शनिवारी मोठ्या तुकडीची परीक्षा होती, बाहेरच्या कंपनीचा दुरुस्तीवाला पंधरा दिवस मिळणार नव्हता, आणि विद्यार्थी त्याच्या रेग्युलेटरला उघड उघड 'म्हैस' म्हणायला लागले होते. खाली उतरताना त्याची चेष्टा चाललेली असायची, आणि पाण्याखाली कुणाला गप्प बस म्हणून सांगताही येत नाही.

रेग्युलेटर टेबलावर ठेवून तो स्टुलावर ऐसपैस बसला.

"झालं गेलं ते मी कधीच विसरलो," तो म्हणाला. "तुझ्या भावाबद्दल माझ्या मनात काही नाही. तूही मनात ठेवू नकोस."

करून सवरून वर हा माफी वाटत फिरतोय. वायसरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती हसली. एरवी ती गिऱ्हाइकाशी हसत नाही, हे कप्तानाला माहीत असतं तर तो रेग्युलेटर उचलून पळाला असता. तिनं फक्त कामाचं विचारलं. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? घेताना. वर जास्त की खोल? जितकं खोल तितका जास्त. एकदाच येतो की थरथरत राहतो? थरथरतो, दातांत जाणवतो. शनिवारी देते म्हणाली. पाण्यात तपासून द्यावं लागेल, तेव्हा मीच तिकडे टाकीवर घेऊन येईन, असंही म्हणाली. कप्तानाला वाटलं, बाई वळणावर आली.

तो गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि कामाला लागली. रेग्युलेटर सिलिंडरवर बसवलं, हळूहळू हवा सोडली आणि आधी नुसतं ऐकलं. गप्प. मग श्वास घेतला. खरंच म्हैस हंबरावी तसा आवाज आला आणि सायकलवाल्यानं पलीकडून, काय गं झालं, म्हणून विचारलं. तोंडात धरायचा भाग काढून तिनं स्वतःचा लावला. हंबरणं तसंच. म्हणजे दोष तोंडाकडे नाही. नळ्या एकेक करून बदलल्या. तरी तसंच. मग सिलिंडरवर बसणारा पितळी भाग मुठीत धरून तिनं पुन्हा श्वास घेतला, आणि तळहातात थरथर उतरली. चोर इथे होता.

तिनं तो उघडला. सिलिंडरला जोडायच्या वरच्या तोंडाशीच बोटाच्या पेराएवढी गाळणी असते, हवा आत जाताना तिच्यातून जाते. ती हिरवीगार झाली होती. गाळणी लाल झाली तर सिलिंडर आतून गंजलेला असतो. हिरवी झाली तर खारं पाणी वरच्या तोंडातून आत गेलेलं असतं, दुसरं कारण नाही. आणि वरच्या तोंडातून पाणी जातं एकाच वेळी, माणूस त्या तोंडाला टोपण न लावता रेग्युलेटर धुतो तेव्हा. आत मिठाची पुटं बसली होती. सरकणारा दट्ट्या मिठात अडायचा, मग उसळायचा, पुन्हा अडायचा. त्याचंच ते हंबरणं.

वायसरबाईनं ती गाळणी चिमट्यात उचलून उजेडात धरली. मॅडमच्या मुलीच्या रेग्युलेटरातून निघालेली गाळणी तिनं चार वर्षांपूर्वी पाहिली होती. हाच रंग. अपघातानंतर शाळेचं सामान बाहेरची कंपनी धुवायची आणि सांभाळायची. कप्तान स्वतःचं तेवढं स्वतःच्या हातानं धुवायचा. म्हणजे खोडी त्याच्या हातात होती. दादाच्या सहीत नव्हती.

खोटं कशाला सांगायचं, तिच्या मनात आलं. पुटं खरवडून, आवाज बंद करून, दट्ट्या ज्यावर टेकून हवा अडवतो ती झिजलेली बैठक तशीच ठेवून द्यावी. वर गोड श्वास येईल. तीस मीटर खाली येणार नाही. सुंठीवाचून खोकला जाईल. तिनं तसं जोडूनही पाहिलं, आणि आवाज खरोखर बंद झाला. दहा मिनिटं ती त्याकडे बघत बसली. मग सगळं पुन्हा उघडलं. दया आली म्हणून नाही. मेलेल्या माणसाची नाचक्की होत नाही, लोक उलट त्याच्या फोटोला हार घालतात. तिला कप्तान जिवंत हवा होता, धडधाकट, कान शाबूत असलेला. तिनं नवी बैठक टाकली, नव्या रबरी रिंगा, नवी गाळणी, सगळं ग्रीस लावून असं जोडलं की दादानंही मान डोलावली असती.

शनिवारी टाकीवर सोळा विद्यार्थी, दोन शिक्षक आणि परीक्षा बघायला आलेल्या मॅडम. मॅडमची मुलगीही होती, चांगला कान लोकांकडे करून उभी. कप्तान पाण्यात उतरला, पाच मिनिटं खाली बसला. फक्त बुडबुडे. वर आला तो हसत. म्हैस मेली, म्हणाला, आणि विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा जिवंत होईल," वायसरबाई म्हणाली. "धुताना काहीतरी राहतंय. तुम्ही धुता कसं, ते एकदा दाखवता का? मुलांनाही कळेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टाळ्यांनी कप्तान फुगला होता. त्यानं रेग्युलेटर बादलीवर धरलं, टोपण दोरीला लोंबतंय तसंच ठेवलं, आणि उघड्या तोंडानं ते पाण्यात बुडवून चांगलं खळबळलं. बाहेरचं मीठ कुणीही काढतो, त्यानं समजावलं, आतलं कोण काढणार? पंधरा वर्षं मी हे असं आतून धुतोय.

विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. टोपण लावून धुवा, हे त्यांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं. कप्तानाच्या सवयी पुस्तकाच्या आधीच्या होत्या. वायसरबाईनं खिशातून डबी काढली आणि जुनी हिरवी गाळणी मॅडमच्या तळहातावर ठेवली.  मॅडमनीही तो रंग एकदा पाहिला होता.

"माझ्या मुलीच्या अपघाताच्या आधी," मॅडम सावकाश म्हणाल्या, "मेकॅनिक तापानं दहा दिवस घरी होता. तेव्हा सामान कोण धुवायचं?"

कप्तानानं बादलीकडे पाहिलं. हातातल्या वस्तूचा अर्थ त्याला आत्ता लागत होता, आणि वायसरबाई तो लागताना बघत होती. चार वर्षं याच चेहऱ्यासाठी ती थांबली होती.

"मीच," तो म्हणाला. मग एकदम आवाज चढवून, "पण हे मला त्यानंच शिकवलं. तुझ्या भावानं."

मागून कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळेच हसले. चोराच्या उलट्या बोंबा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून सामानाच्या खोलीच्या किल्ल्या मागितल्या. कप्तान ओल्या कपड्यांनी तसाच फाटकाबाहेर गेला, आणि त्याची टोपी बाकावर राहिली. उद्या सकाळी मी स्वतः तुझ्या दादांकडे येते, मॅडम म्हणाल्या, त्यांची माफी मागायची आहे. वायसरबाई घरी चालत आली की उडत आली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दादा खिडकीशी बसून शाळेचा सदरा शिवत होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बादली, खळबळणं, हिरवी गाळणी, किल्ल्या, अगदी नकलेसकट. दादा सुई थांबवून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, कप्तान जाताना काही म्हणाला का.

"म्हणाला, तू शिकवलंस. सगळे असे हसले, दादा."

दादा हसला नाही. त्यानं सुई सदऱ्यात खोचली.

"खरं बोलला तो."

तिला आधी वाटलं, दादा थट्टा करतोय. पण दादा सांगत गेला, खाली बघून, सरळ आवाजात. कप्तान नवा आला तेव्हा आतून धुवायला त्यानंच शिकवलं होतं, तेव्हा त्यालाही तेच माहीत होतं. तीन वर्षांनी कंपनीचा एक म्हातारा मेकॅनिक आला, त्यानं चूक दाखवली. दादानं आपली पद्धत बदलली. कप्तानाला सांगायला मात्र जीभ उचलेना. गुरू म्हणवून घेतलं होतं ना. त्यापेक्षा रोज संध्याकाळी सगळे गेले की तो एकेक रेग्युलेटर हवा मारून वाळवायचा, टोपणं लावायचा, हिरवट झालेल्या गाळण्या गुपचूप बदलायचा. आठ वर्षं. मग तापानं पडला.

"माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा काय बोलणार होतो?" दादा म्हणाला. "पोरीचा कान माझ्याच शिकवण्यानं गेला."

तो उठला. कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. कुठे, म्हणून तिनं विचारलं, पण तिला कळलं होतं. मॅडमकडे. उद्या त्या माफी मागायला यायच्या आत.

वायसरबाई त्याच्या आधी दारापाशी पोचली. तिनं कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. चार वर्षं तू मूग गिळून बसलास, ती म्हणाली, आता आणखी एक दिवस बस, ते तुला चांगलं जमतं. त्या येतील, माफी मागतील, तू मान हलव. बाकी सगळं मी केलंय. तिला दादाची कीव यायला हवी होती, निदान लाज तरी वाटायला हवी होती. तिला नुसता संताप येत होता, आणि तो कप्तानाचा नव्हता.

"त्याचं काम गेलं ना?" दादानं विचारलं.

"गेलं."

"मग बाजूला हो."

ती झाली नाही. दादानं कडीकडे हात नेला. तिनं तो हात मनगटाशी धरला आणि सोडला नाही.